पावसाळ्यात घरच्या घरी शोभिवंत माशांची पैदास: मुंबईतील मत्स्यपालकांसाठी जून ते ऑक्टोबरचा सल्ला

हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास माघारी फिरतो. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांची घरी पैदास करू इच्छिणाऱ्यांसाठी वर्षातील हेच चार महिने सर्वांत सोयीचे आहेत. मे महिन्यात ३१-३२ अंशांपर्यंत तापलेले टाकीतील पाणी पाऊस स्थिरावला की साधारणपणे २६ ते २९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येते, हीटरची गरज राहत नाही आणि गप्पी, मोली, प्लाटी, फायटर, झेब्रा, एंजल या सर्वांना हे तापमान मानवते. त्यामुळे मासे विण्याची अडचण या दिवसांत फारशी येत नाही. घरगुती पैदाशीत नुकसान होते ते पिल्ले जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, कारण त्यांच्या तोंडात मावेल असे खाद्य तयार नसते आणि नळाचे पाणी रोज बदलत असते. म्हणून जोडी लावण्यापूर्वी पाणी आणि खाद्य या दोन्हींची सोय पूर्ण झालेली असावी, असा आमचा आग्रह आहे.

जागेचा विचार थोडक्यात असा. एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे २८ किलो भरते. म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर केवळ पाणीच ५६ किलो होते आणि काच व स्टँड यांचे वजन वेगळे. चार-पाच टाक्यांची मांडणी भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ करावी. गॅलरीच्या बाहेर काढलेल्या ग्रिलवर टाक्या ठेवू नयेत. तळमजल्यावरील खोल्यांत, विशेषतः पाणी साचणाऱ्या सखल भागांत, एअर पंप आणि विजेचे बोर्ड टाकीच्या पातळीपेक्षा उंचावर असावेत. वायर टाकीकडून बोर्डाकडे जाताना मध्ये खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न पोहोचता खाली टपकते.

पाण्याची तयारी

तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, उर्ध्व वैतरणा आणि भातसा या जलाशयांतून मुंबईला मिळणारे पाणी मुळात मृदू आहे. एंजल आणि फायटर यांना ते उत्तम चालते, मात्र गप्पी, मोली आणि स्वॉर्डटेल यांना थोडे कठीण, क्षारयुक्त पाणी लागते. त्यासाठी महागड्या पुड्या आणण्याची आवश्यकता नाही. स्वयंपाकात वापरून उरलेले तिसऱ्यांचे शिंपले स्वच्छ घासून, उकळून व वाळवून त्यांतील मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत ठेवावेत; पाणी आम्लधर्मी होऊ लागले की ते हळूहळू विरघळून त्याचा तोल सांभाळतात. अधिक टाकले म्हणजे अधिक गुण येईल, असा समज मात्र करून घेऊ नये. पाण्याचा सामू (पीएच) वाढत गेला की त्यात साचलेल्या अमोनियाचा विषारी अंशही वाढतो आणि त्याचा पहिला फटका पिल्लांनाच बसतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला जलाशयांत गाळ येतो, नळाचे पाणी काही दिवस गढूळ दिसते आणि निर्जंतुकीकरणासाठी घातलेल्या क्लोरीनची मात्राही वाढू शकते. उन्हाळ्यात ज्या पाण्याचा वास येत नव्हता त्याच नळाच्या पाण्याला जुलैत उग्र वास आला, तर ते थेट टाकीत सोडू नये. झाकण असलेल्या पिंपात दोन दिवसांचा साठा कायम ठेवावा, त्यात हवेचा दगड (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवून किमान २४ तास पाणी मुरू द्यावे आणि घाई असेल तेव्हाच सोडियम थायोसल्फेट, म्हणजे मत्स्यपालनाच्या दुकानांत मिळणारे ‘हायपो’, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात वापरावे. पिंपाचे तोंड बारीक जाळीने घट्ट बांधणे ही निव्वळ सूचना समजू नये. एडीस डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते, डेंग्यूच्या मोसमात महापालिकेचा कीटकनाशक विभाग घरोघरी साठवलेले पाणी तपासतो आणि उघड्या पिंपात अळ्या सापडल्या तर कारवाईही होते.

पावसाचे पाणी साठवण्याचा मोह अनेकांना होतो. पहिल्या काही सरींबरोबर हवेतील व छपरावरील काजळी, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ते पाणी सोडून द्यावे. त्यानंतरचे स्वच्छ पाणीही एकटे वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ नसल्याने सामू एकाएकी ढासळू शकतो. मुरवलेल्या नळाच्या पाण्यात ते एक चतुर्थांशापर्यंत मिसळले तर एंजलसारख्या माशांना विण्यासाठी चालना मिळते. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत नेमकी उलट परिस्थिती असते: ते पाणी बहुधा कठीण असते आणि किनाऱ्यालगत खारटही निघते. कठीणता व सामू तपासण्याच्या पट्ट्या स्वस्त असतात. टँकरचा पुरवठा बदलला की त्या वापराव्यात.

पिल्लांच्या टाकीला स्पंज फिल्टरच योग्य, कारण पॉवर फिल्टरच्या तोंडाशी पिल्ले खेचली जातात. नवा स्पंज निदान तीन-चार आठवडे चालत्या टाकीत लावून ठेवावा, म्हणजे अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्यात वसतात. तो नळाखाली धुतला तर क्लोरीनमुळे ते जिवाणू मरतात. म्हणून टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा. तो नसेल, तर दर पाऊण तासाने मगाने पाणी काढून वरून धार धरल्याने वेळ निभावते, आणि वीज येईपर्यंत खाद्य पूर्ण बंद ठेवावे.

खाद्य आधी, जोडी नंतर

अंड्यातून निघालेले झेब्रा किंवा फायटरचे पिल्लू इतके बारीक असते की दुकानातील भुकटीचा कणही त्याला मोठा पडतो. त्याला इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातील सूक्ष्मजीव, लागतात. काचेच्या बरणीत टाकीतील जुने पाणी घेऊन त्यात केळ्याच्या सालीचा लहान तुकडा किंवा कोबीचे पान टाकावे आणि तोंडाला फडके बांधून बरणी उजेडात ठेवावी. पाणी आधी दुधट होते, वास येतो आणि चार-पाच दिवसांनी ते पुन्हा निवळू लागते. निवळलेले पाणी ड्रॉपरने द्यावे. दुधट पाणी देऊ नये, कारण त्यात जिवाणूंचीच गर्दी असते. एकाआड एक दिवस नवी बरणी लावली तर पुरवठा खंडित होत नाही. (एका खोलीच्या घरात तीन-चार बरण्यांचा वास सर्वांनाच सहन होतो असे नाही, घरच्यांची संमती आधीच घेतलेली बरी.)

यानंतरच्या टप्प्याला, आणि गप्पी-मोलीच्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून, आर्टेमियाइतके, म्हणजे खाऱ्या पाण्यातील इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाइतके, चांगले खाद्य नाही. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे, आयोडीनविरहित मीठ विरघळवून त्यात अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी टाकावीत, खालून हवा सोडावी आणि वर दिवा ठेवावा. २८ अंशांच्या आसपास २४ ते ३६ तासांत नारिंगी पिल्ले निघतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की रिकामी टरफले वर तरंगतात व पिल्ले उजेडाकडे जमतात. ती बारीक नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन लगेच खाऊ घालावीत, कारण साठवणीतले सत्त्व ती स्वतःच वापरून टाकत असल्याने तासागणिक त्यांची पौष्टिकता घटते. मुंबईच्या दमट हवेत या अंड्यांचा उघडा डबा काही आठवड्यांत निकामी होतो. म्हणून ती लहान बाटल्यांत वाटून, आत सिलिका जेलची पुडी ठेवून फ्रिजमध्ये ठेवावीत. हाच नियम सुक्या खाद्यालाही लागू आहे. पावसाळ्यात किलोचे पाकीट स्वस्त पडते म्हणून आणू नये, आणि बुरशीचा वास आलेले खाद्य ‘मोठ्या माशांना चालेल’ म्हणून वापरू नये.

ओट्स किंवा गव्हाच्या पिठाच्या घट्ट लापशीवर वाढणारे मायक्रोवर्म, म्हणजे सूक्ष्म कृमी, हा तिसरा आधार होय. हे कल्चर पावसात लवकर आंबते, तेव्हा दोन डबे चालू ठेवून दर दोन-तीन आठवड्यांनी नवे लावावे. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देण्याची जुनी पद्धत अडचणीच्या दिवसापुरती ठीक आहे. रोज दिल्यास पाणी नासते. नाल्यांतून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स (गाळातील तांबडे बारीक किडे) पावसाळ्यात अजिबात देऊ नयेत.

गप्पी: सुरुवातीसाठी

प्रथमच पैदास करणाऱ्याने गप्पीपासून सुरुवात करावी. मात्र दुकानातून आणलेली मोठी मादी जवळजवळ नेहमी आधीच गाभण असते, हे लक्षात ठेवावे. मादी नराचे शुक्राणू काही महिने शरीरात साठवून ठेवते आणि एका मीलनावर अनेक वेळा विते. त्यामुळे कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून देखणा नर आणून तिच्याजवळ सोडला, तरी पहिल्या काही वितींतील पिल्ले त्याच नराची असतील याची खात्री नसते. एकाच वाणाची शुद्ध पिल्ले हवी असतील, तर नर-मादी वेगळे ओळखू येण्यापूर्वीच्या वयाची पिल्ले घेऊन ती स्वतः वाढवावीत. हा मार्ग सावकाश असला तरी तोच खात्रीचा आहे.

एका नरामागे दोन किंवा तीन माद्या ठेवाव्यात. वीण साधारण चार आठवड्यांच्या अंतराने होते आणि एका वेळी वीस-तीसपासून मोठ्या मादीची शंभरपर्यंत पिल्ले निघू शकतात. शेपटीकडील पोटावरचा काळपट डाग गडद झाला आणि पोट चौकोनी दिसू लागले की मादीला झाडांनी दाटलेल्या वेगळ्या टाकीत हलवावे. बाजारात मिळणारी प्लास्टिकची प्रसूतिपेटी फार अरुंद असते, तिच्यात मादी घाबरते आणि कधीकधी अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते. त्यापेक्षा जावा मॉसचा दाट गठ्ठा बरा. तलावातून आणलेल्या हायड्रिलाबरोबर चतुराची अळी येते व ती एका रात्रीत बरीच पिल्ले फस्त करते, म्हणून अशी झाडे निदान दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून तपासावीत. विणे पूर्ण होताच मादीला बाहेर काढावे.

पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाद्य द्यावे आणि तळाची घाण नळीने काढून रोज दहा टक्के पाणी बदलावे. वाढीचा वेग जेवढा खाद्यावर, तेवढाच या पाणी बदलण्यावर अवलंबून असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता होऊ लागतो. तेव्हाच नर आणि माद्या वेगळ्या कराव्यात. जूनअखेरीस जोडी लावली, तर जुलैअखेरीस मिळालेली पिल्ले तीन महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबरअखेरीस, विक्रीयोग्य होतात. पाळणाऱ्याकडे जागा किती आहे ते पाहूनच जोड्या लावाव्यात: दोन फुटी टाकीत महिनाभरानंतर पन्नास-साठहून अधिक पिल्ले ठेवली, तर ती मरत नसली तरी खुरटतात.

अंडी घालणारे मासे

झेब्रा पहाटे अंडी विखुरतो आणि स्वतःच खातो, म्हणून तळाला गोट्यांचे दोन थर द्यावेत आणि सकाळीच मोठे मासे काढून घ्यावेत. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात.

फायटरसाठी पाच-सहा इंच पाणी, तरंगणारे एक पान आणि शांत कोपरा एवढे पुरते. मुंबईच्या रस्त्यांवर आढळणाऱ्या देशी बदामाची वाळलेली पाने पावसापूर्वी गोळा करून ठेवावीत. त्यांतील टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि नर पानाखाली बुडबुड्यांचे घरटे बांधतो. अंडी घालून होताच मादी काढावी, आणि पिल्ले मोकळी पोहू लागताच, म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी, नर काढावा. हवेतून श्वास घेण्याचा अवयव पिल्लांमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होतो. त्या काळात टाकीवर झाकण ठेवून वरची हवा उबदार व दमट राखावी. पंख्याचा थेट झोत किंवा वातानुकूलन यांमुळे या वयात मोठी मर होते. नर ओळखू येऊ लागले की प्रत्येकाला स्वतंत्र बरणी लागते, याचा हिशेब जोडी लावण्यापूर्वीच करावा.

रोग

सततच्या पावसात पाणी एकदम थंड झाले की अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. हे ठिपके आणणारा परजीवी कातडीखाली असताना औषधाने मरत नाही, पाण्यात मोकळा फिरताना मरतो. म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार निदान दहा दिवस चालू ठेवावा. गप्पी-मोलीसाठी लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ थोडे थोडे करून द्यावे आणि हीटरने तापमान २९-३० अंशांवर न्यावे. नवीन मासे दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत. त्यांची जाळी आणि नळीही वेगळी असावी. प्रतिजैविके अंदाजाने वापरू नयेत.

अनुदान आणि विक्री

व्यवसाय म्हणून विचार करणाऱ्यांनी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाची माहिती घ्यावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत या घटकाचा खर्च तीन लाख रुपये धरला असून अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के आहे. अर्जाची मुदत व चालू निकष मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारावेत. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शोभिवंत मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

जास्तीचे किंवा व्यंग असलेले मासे पवई, विहार, तुळशी येथे किंवा नाल्यात सोडू नयेत. सकर मासा अशाच रीतीने देशातील अनेक जलाशयांत पसरला असून स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. विक्रीसाठी न्यायच्या माशांना आदल्या दिवशी उपाशी ठेवावे. पिशवीत एक तृतीयांश पाणी व उरलेला प्राणवायू भरावा, कोपरे रबराने बांधावेत म्हणजे लहान मासे त्यांत अडकत नाहीत, आणि लोकलच्या गर्दीची वेळ टाळून सकाळीच निघावे.