शेअर स्प्लिट झाला? या चुका टाळा

१६ जून २०२५, सोमवार. सव्वानऊ वाजून गेले होते. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्या सोसायटीतले काका अनवाणीच जिना चढून वर आले. हातात मोबाईल. "अरे, बजाज फायनान्स नव्वद टक्के पडला! सगळं गेलं बघ." शुक्रवारी नऊ हजारांच्या वर बंद झालेला शेअर स्क्रीनवर लाल आकड्यांत नऊशेच्या घरात होता आणि काकांचा चेहराही त्याच रंगाचा झाला होता.

गेलं काहीच नव्हतं. कंपनीने २ रुपये फेस व्हॅल्यूच्या (शेअरची कागदोपत्री मूळ किंमत) एका शेअरचे १ रुपयाचे दोन केले होते, यालाच स्प्लिट म्हणतात, आणि त्या प्रत्येकावर चार बोनस, म्हणजे फुकटचे शेअर, दिले होते. म्हणजे एकाचे दहा, आणि भाव एक दशांश. भाव रेकॉर्ड डेटच्या (शेअर कोणाकडे आहेत हे कंपनी ज्या दिवशी बघते तो दिवस) सकाळीच बदलतो, नवे शेअर मात्र खात्यात दिसायला एखाद-दोन दिवस जातात. शिवाय स्प्लिटमध्ये फेस व्हॅल्यू बदलते, म्हणून शेअरला आयएसआयएन, म्हणजे ओळख क्रमांकही नवा मिळतो. या मधल्या काळात ॲप जुनी संख्या आणि नवा भाव यांचा गुणाकार करून मोकळं होतं. त्या आकड्यावरून कसलाही निर्णय घेऊ नका. चार दिवस उलटूनही शेअर दिसले नाहीत तर ॲपशी हुज्जत न घालता सीडीएसएल किंवा एनएसडीएलचं (आपले डिमॅट शेअर जिथे जमा असतात त्या संस्था) स्टेटमेंट काढा. खरा हिशेब तिथे असतो. जुन्या भावाला लावून ठेवलेल्या ऑर्डरी बहुधा रद्द होतात, त्या नव्याने लावाव्या लागतात.

दुसऱ्या टोकाची चूक करणारेही भेटतात. "आता स्वस्त झालाय, घेऊन टाकू." नाशिककराला हे समजावणं खरं तर सोपं आहे. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलवर निघतो, मेन रोडला किलोवर. दोन हजार ऐकून महाग आणि वीस ऐकून स्वस्त, असं कोणी म्हणत नाही. कांदा तोच. टाटा स्टीलने जुलै २०२२ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दहा केले, त्याने कारखान्यात एक टनही पोलाद जास्त बनलं नाही. एमआरएफची फेस व्हॅल्यू १० रुपयेच राहिली आणि जून २०२३ मध्ये त्या शेअरने एक लाखाचा टप्पा ओलांडला. स्प्लिटचा उपयोग इतकाच, की छोट्या गुंतवणूकदाराला एक-दोन शेअर घेणं परवडतं आणि उलाढाल थोडी वाढते.

डिव्हिडंडच्या (कंपनी नफ्यातून वाटते तो लाभांश) टक्क्यांनीही लोक फसतात. तो टक्का फेस व्हॅल्यूवर असतो, बाजारभावावर नाही. १० रुपयांच्या शेअरवर २०० टक्के म्हणजे २० रुपये, तोच शेअर २ रुपयांचा झाल्यावर २०० टक्के म्हणजे ४ रुपये. शेअर पाचपट झाल्याने हातात तेवढेच येतात. बातमीत टक्के वाचले की आधी फेस व्हॅल्यू बघायची. गुणोत्तराचंही तसंच: स्प्लिट १:२ (एकाचे दोन) आणि बोनस १:१ (एकावर एक), दोन्हींत शेअर दुप्पटच होतात.

आता खरी गोची. ती आयकर रिटर्न भरताना कळते, आणि जुलैमध्ये माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात.

स्प्लिटमध्ये मूळ खरेदीची किंमत नव्या शेअर्समध्ये वाटली जाते आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. बोनसची खरेदी किंमत शून्य आणि तारीख तो मिळाल्याची. ॲप मात्र दोन्हींची सरसकट सरासरी दाखवतं.

काकांचाच हिशेब घेऊ, आकडे सोयीचे करून. समजा दहा शेअर काही वर्षांपूर्वी ६,००० ने घेतले होते, एकूण ६०,०००. स्प्लिटनंतर वीस झाले, प्रत्येकी ३,००० चे. त्यावर ऐंशी बोनस, शून्य किमतीचे. ॲप म्हणतं, शंभर शेअर, सरासरी ६००. काकांनी तीन महिन्यांनी वीस शेअर ९५० ने विकले आणि ७,००० नफा झाला म्हणून पेढे आणले. पण कराच्या हिशेबात आधी आलेले आधी जातात. विकले गेले ते ३,००० वाले वीस, म्हणजे ४१,००० चा दीर्घकालीन (बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरचा) तोटा! उरलेले ऐंशीही त्याच वर्षात विकले असते तर ७६,००० चा अल्पकालीन नफा, त्यावर २० टक्के कर. आणि दीर्घकालीन तोटा अल्पकालीन नफ्यातून वजा होत नाही. एकूण कमाई ३५,०००, कर ७६,००० वर. बोनसला बारा महिने पूर्ण होऊ दिले की तो नफाही दीर्घकालीन होतो, तोटा त्यातून वजा होतो आणि वर्षाच्या पहिल्या सव्वा लाखाच्या दीर्घकालीन नफ्यावर सध्या करच नाही. पेढे मी खाल्ले, पण तोटा रिटर्नमध्ये दाखवायला लावला. वेळेत रिटर्न भरला तर तो आठ वर्षं पुढे नेता येतो.

३१ जानेवारी २०१८ आधीच्या खरेदीत आणखी एक खड्डा आहे. त्या दिवसापर्यंतच्या वाढीवर कर नाही, म्हणून मूळ खरेदीऐवजी त्या दिवशीचा भाव धरता येतो. त्या दिवशीचा भाव १,००० होता, नंतर एकाचे पाच झाले, तर धरायचा भाव २००. तुम्ही १,००० च टाकला आणि शेअर ३०० ला विकला, तर नफा शून्य दिसतो. प्रत्यक्षात तो शेअरमागे १०० आहे. (मूळ खरेदी २०० पेक्षा स्वस्त असेल असं धरून.)

आणि कागदी शेअर. त्या पेढ्यांच्या दिवशीच काकांनी ट्रंकेतून एक पिवळट सर्टिफिकेट काढून दाखवलं: पन्नास शेअर, फेस व्हॅल्यू १० रुपये, पत्ता रविवार कारंजावरच्या वाड्याचा. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, दरम्यान कंपनीने १० चे २ रुपये केले, नवी सर्टिफिकेटं त्याच पत्त्यावर गेली आणि परत फिरली. म्हणजे हातातला कागद रद्द झालेला, शेअर मात्र पन्नास नाहीत, अडीचशे आहेत. असा कागद कधीही फेकू नका. सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर (खाते क्रमांक) घेऊन कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअरधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला, लिहा. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात, तिथून ते आयईपीएफ-५ फॉर्म भरून परत मागता येतात. फॉर्मला फी नाही, टक्केवारी मागणारे एजंट मात्र पुष्कळ आहेत.

काकांचं काम सध्या सहीवर अडलं आहे. सर्टिफिकेट घेतलं तेव्हा ते मराठीत सही करायचे, आता इंग्रजीत करतात. रजिस्ट्रारला बँकेने प्रमाणित केलेली सही हवी आहे, आणि बँकेतले साहेब रजेवर आहेत.