गाडीवरचा रिकॉल: या चुका टाळा

ओळखीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघाले की मला सोबत नेतात, आणि मी विक्रेत्याला पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का? उत्तर बहुतेक वेळा असे येते की, ‘सगळे सर्व्हिसिंग शोरूममध्येच झाले आहे.’ पण सर्व्हिसिंग वेगळे आणि रिकॉल वेगळा. सर्व्हिसिंगमध्ये वापरून झिजलेले भाग बदलतात; रिकॉलमध्ये गाडी कारखान्यातून निघतानाच तिच्यात राहून गेलेला सुरक्षेचा दोष कंपनी स्वतःच्या खर्चाने दूर करते. हा फरक न कळल्यामुळे होणाऱ्या त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कंपनीच्या पत्राची वाट पाहत बसणे. माझ्या आतेभावाने ठाण्याहून एक जुनी सेदान चिपळूणला आणली. पहिल्याच पावसाळ्यात कुंभार्ली घाटात, चढाच्या वळणावर, ती चालता चालता बंद पडली. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकचे पेडल एकदोनदा दाबल्यावर दगडासारखे घट्ट होते. मागून भरलेला ट्रक येत होता आणि मागच्या सीटवर वहिनी व लहान मुलगी होती. ट्रकवाल्याने वेळीच गाडी आवरली म्हणून निभावले. गॅरेजवाल्याने पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे सांगून टाकी साफ केली, पुढच्या वेळी फिल्टर बदलला, त्याच्या पुढच्या वेळी प्लग बदलले. तीन बिले झाली, तरी गाडी बंद पडतच राहिली. गणपतीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा पडवीत बसून आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला. फ्युएल पंपाचा, म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाचा, रिकॉल बाकी असल्याचे मिनिटभरात समोर आले. नोटीस त्याने गाडी घेण्याआधीच निघालेली होती आणि ती गेली होती पहिल्या मालकाच्या ठाण्याच्या पत्त्यावर. सर्व्हिस सेंटरने पंप फुकट बदलला, दुपारपर्यंत गाडी परत दिली आणि त्यानंतर ती एकदाही बंद पडलेली नाही.

पंपाचा हा दोष काही विरळा नाही. मारुतीने २०२० मध्ये वॅगन आर आणि बलेनोच्या मिळून १,३४,८८५ गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या, तर होंडाने २०२४ मध्ये नव्वद हजारांहून अधिक. म्हणून पत्रावर विसंबू नका. मी वर्षातून दोनदा स्वतः नंबर तपासतो: दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुतो त्याच दिवशी, आणि पावसाळा तोंडावर आला की. नंबर टाकताना एक काळजी घ्यावी. चासी नंबर सतरा अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी ‘ओ’, ‘आय’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे कधीच नसतात. शून्याच्या जागी ‘ओ’ टाकून, नंबर सापडत नाही म्हणजे रिकॉलही नाही, असे समजून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरी चूक, गाडी जुनी झाली, वॉरंटी संपली, आता आपल्याला कोण विचारणार, असे गृहीत धरण्याची. रिकॉलचा वॉरंटीशी संबंध नाही. सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकते तो नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे आणि तो सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांपुरता आहे हे खरे. पण कंपन्या स्वतःहून त्याहून जुन्या गाड्याही बोलावतात. होंडाने २०१९ मध्ये २००३ ते २००६ या काळातल्या ३,६६९ अकॉर्ड गाड्यांच्या चालकाच्या बाजूचा एअरबॅग इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारी धातूची डबी, फुकट बदलून देण्याचे जाहीर केले होते. तो इन्फ्लेटर टकाटा या जपानी कंपनीचा. या प्रकरणात गाडीचे वय हेच तर धोक्याचे कारण होते. एअरबॅग फुगवण्यासाठी त्या डबीत अमोनियम नायट्रेट वापरलेले असे, आणि वर्षानुवर्षे उष्णता व दमटपणा सोसून ते बिघडे. मग अपघाताच्या क्षणी ते हवे त्याहून फार वेगाने जळते, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या मानेवर, चेहऱ्यावर येतात. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने म्हणूनच उष्ण आणि दमट राज्यांतल्या गाड्यांना प्राधान्य दिले. मुंबई, कोकण आणि गोव्यात ज्यांची दहा-पंधरा वर्षांची गाडी अंगणात उन्हापावसात उभी असते, त्यांनी एअरबॅगचा रिकॉल एक दिवसही टाळू नये. एअरबॅगचा दिवा लागला म्हणून तिची वायरच काढून देणाऱ्या गॅरेजकडे तर पुन्हा जाऊ नये.

तिसरी चूक म्हणजे नोटीस नीट न वाचता ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणणे. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या भागासाठी, १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत संशयित गाडी चालवू नका, असे सांगितले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या पेट्रोल गाड्यांच्या मोटर जनरेटर युनिट या विजेवर चालणाऱ्या भागासाठीच्या रिकॉलमध्ये, साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, अशी सूचना होती. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस सुरूच असतो, आणि वॉशिंग सेंटरवाला तर बॉनेट उघडूनच पाण्याचा फवारा मारतो. ही एक ओळ न वाचणाऱ्याने केवढा धोका पत्करला असेल, याचा विचार करावा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. शेजाऱ्याची त्याच मॉडेलची गाडी यादीत नाही म्हणून आपलीही नसेल, असे धरू नका. रिकॉल उत्पादनाच्या तारखांवर ठरतो. रिकॉलच्या नावाने पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन खोटा समजा. रिकॉल निघाला म्हणून कंपनीला नावे ठेवू नका. मला दोष लपवणाऱ्या कंपनीची जास्त भीती वाटते. गाडी परत घेताना घाई करू नका: जॉब कार्डावर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) रिकॉलचे काम आणि बदललेला भाग लिहून घ्या. मी त्या कागदाची प्रत आरसीच्या पाकिटातच ठेवतो, कारण पुढच्या मालकालाही ती लागणार असते. आणि तुमच्या गाडीत वारंवार तोच धोकादायक दोष दिसत असूनही रिकॉल निघालेला नसेल, तर नुसती गॅरेजे बदलत न बसता रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. अशा तक्रारी पुरेशा संख्येने जमल्या, तर सक्तीच्या रिकॉलची प्रक्रिया सुरू होऊ शकते.