शिगम्यापासून मिरगापर्यंत: गोव्यातल्या घरच्या नर्सरीची तयारी

शिगमो सरला की विहिरींचं पाणी खालावू लागतं आणि कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, सोडली तर आजूबाजूचं रान वाळून जातं. ओल आणि सावली एकत्र मिळते ती नर्सरीच्या जाळीखालीच. म्हणून मार्च ते मे या काळात तिथे रोपांइतकीच इतर जिवांचीही वस्ती वाढते: कुंड्यांखाली बेडूक, दोऱ्यांवर शिंजीर, टाकीपाशी खारी, उंदरांच्या मागावर धामण. तयारी करताना हे सगळे धरूनच करावी. नाहीतर रोपांसाठी केलेली सोय कुणाच्या तरी जिवावर बेतते.

पहिलं पाणी. खाजनाला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीला) लागून किंवा नदीकाठी विहीर असेल तर एप्रिलपासून पाणी मचूळ होऊ शकतं. पानांच्या कडा टोकाकडून करपू लागल्या की बरेच जण खत वाढवतात, पण खत म्हणजेही क्षारच, त्याने रोप आणखी खचतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घेऊन दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा; तो चढताना दिसला की नवी कलमं आणि रुजणाऱ्या बिया यांना गोडं पाणी राखून ठेवा. पाणी सकाळी आठच्या आत, गरज पडली तर पुन्हा सूर्य कलल्यावर. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण सुकलं की पाणी शोषत नाही, ते कडेने वाहून जातं आणि वरून ओली दिसणारी पिशवी आत कोरडी राहते. अशी पिशवी टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी.

टाकी आणि पिंपात एक खरबरीत फळी तिरकी सोडून ठेवा. खार किंवा बेडूक पडला तर गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही, आणि सकाळी कुजलेलं पाणी तुमच्याच वाट्याला येतं. पक्ष्यांसाठी पसरट मातीचं भांडं, पाणी चार-पाच सेंटिमीटर, मध्ये एक दगड, रोज धुऊन भरलेलं. बशा, टायर, रिकाम्या कुंड्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, आतून घासा. डेंगूच्या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात आणि सुकली तरी जगतात.

सावलीची जाळी कलमांना 50 टक्क्यांची पुरे. मिरीचे फुटवे, नेचे, अँथुरियम यांना 75 टक्क्यांची. उंची निदान अडीच-तीन मीटर, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. खालची कड जमिनीवर लोळू देऊ नका, ताणून बांधा किंवा वीतभर वर उचला. याहून घातक म्हणजे फळझाडांवरची जुनी नायलॉनची जाळी कोपऱ्यात गोळा करून टाकणं. साप पुढे शिरतो, खवले अडकतात, मागे येता येत नाही, आणि धामणीसारखा उंदीर खाणारा साप तिथेच उन्हात मरतो. जुनी जाळी मार्चमध्येच गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाका.

आता घरटी. कुंड्या हलवण्याआधी, फांद्या छाटण्याआधी आणि फवारणीआधी हातात काही न घेता एक फेरी मारायची. शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडा तंतूंनी टाचून पिशवी करतो. बाहेरून नुसतं वळलेलं पान वाटतं, पण जवळून पाहिलं की कडेला टाक्यांची भोकं आणि आत कापूस दिसतो. शिंजिराचं घरटं जाळीच्या दोरीला लोंबतं, कोळ्याच्या जाळ्यात साली-कचरा गुंफलेला, दारावर छोटी पडवी. कचरा समजून झाडूने ओढलं जातं ते बहुधा हेच. बुलबुल कमरेइतक्या उंचीवरच्या दाट कुंडीत दोन-तीन अंडी घालतो. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत महिन्याच्या आत काम आटोपतं, तेवढा काळ ती कुंडी विकायची नाही, हलवायची नाही. लाल फीत बांधा आणि पाणी झारीने फक्त बुंध्याशी घाला. गिऱ्हाइकाला कारण सांगितलं की तो थांबतो.

कीड याच दिवसांत चढते. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. तो कोरड्या, धुळकट जागी वाढतो, म्हणून आधी पानं खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लागलंच तर लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोड्या साबणात नीट मिसळून, संध्याकाळी. दुपारी मारलं तर पानं भाजतात. सकाळी मारलं तर फुलांवरच्या मधमाश्यांना त्रास. पिठ्या ढेकूण दिसला की त्याच्याकडे जाणाऱ्या मुंग्यांची वाट शोधा. मुंग्या त्याची राखण करतात, वाट तोडल्याशिवाय तो हटत नाही. लिंबू आणि कढीपत्त्यावरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. हाताने उचलून मागच्या बाजूला राखून ठेवलेल्या एका कढीपत्त्यावर सोडा.

बियांचं वेळापत्रक मात्र तुमच्या सोयीने चालत नाही. काजूच्या गळून पडलेल्या मध्यम बिया दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, पाण्यात टाका, बुडतील त्याच ठेवा. रात्रभर भिजवून 25 बाय 15 सेंटिमीटरच्या पिशवीत, देठाची बाजू वर करून, अडीच सेंटिमीटर खोल लावा. पिशवीला खाली आणि बाजूंना मिळून पंधरा-वीस भोकं हवीत, नाहीतर जुलैत मुळं कुजतील. वर तारेची जाळी टाका, कारण उंदीर आणि खारी पेरलेली बी उकरतात. एप्रिलच्या मध्याला पेरलं तर दोन महिन्यांनी, हवा दमट झाल्यावर, रोप मृदुकाष्ठ कलमाला, म्हणजे कोवळ्या खोडावर काडी बसवून करायच्या कलमाला, तयार असतं. त्यासाठी चांगल्या झाडावरून घ्यायच्या कलमकाडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ राखून कापायची, म्हणजे डोळा फुगतो.

आंबा, फणस आणि भिरंड (कोकम) यांचं उलट आहे. त्यांची बी उन्हात वाळली की मेली. मानकुराद आंब्याचा बाठा धुऊन सावलीत निथळवा आणि लवकरात लवकर मातीत घाला. भिरंडाची बियांपासून केलेली रोपं साधारण निम्मी नर निघतात, त्यामुळे फळासाठी मागणाऱ्याला कलमच द्यावं. त्याची काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची हवी. आडव्या फांदीची लावली तर झाड वर्षानुवर्षं पसरतच राहतं. अबोलीच्या शेंगा पाणी लागताच फुटून बी उडवतात, म्हणून पाणी घालण्याआधी कोरड्या शेंगा काढून कागदी पिशवीत ठेवा. काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीचं बी मे महिन्यात आडोशाखाली टाकलं की रोप पहिल्या पावसाला लावणीला येतं.

सापांबाबत धीटपणा नको आणि भीतीही नको. कुंडी उचलताना ती आपल्याकडे कलती करा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि खालचा जीव तिकडून निघून जातो. चिऱ्यांचे ढीग आणि पाला कामाच्या वाटेपासून दूर. अंधारात टॉर्च आणि बूट. घोणस, फुरसं, मण्यार, नाग ओळखता आले नाहीत तरी चालेल. साप पकडायचा नाही, वनखात्याला कळवायचं. चावलाच तर आवळपट्टी नको, जखमेवर चीर देणं नको. अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय हलू न देता 108 बोलवा. वनखात्याच्या जवळच्या कचेरीचा नंबर आणि प्रतिसर्पविष मिळणाऱ्या हॉस्पिटलाचं नाव शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असू दे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालू असताना, नर्सरीचंही पुरुमेंत भरा. मोरचूद आणि कळीचा चुना प्रत्येकी एक किलो, शंभर लिटर पाण्याला: हे बुरशीवरचं एक टक्का बोर्डो मिश्रण. दोन्ही वेगवेगळे विरघळवा, धातूच्या भांड्यात नाही, आणि त्याच दिवशी वापरा. त्यात घासलेलं लोखंडी पातं बुडवून तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. मिरीच्या रोपांवर ते पावसाच्या तोंडावर बसलं पाहिजे. गटारं मोकळी करा, पिशव्या मातीवरून उचलून चिऱ्यांवर किंवा खडीवर ठेवा. रचलेल्या कुंड्यांच्या तळाशी मोठ्या गोगलगायी अजून तोंड बंद करून निजलेल्या असतात. हातमोजे घालून आत्ताच वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. पहिल्या सरीनंतर त्या एका रात्रीत कोवळ्या रोपांचा वाफा साफ करतात.