ऑगर ट्रकने पोलचे खड्डे घेताना या चुका टाळा

नाशिक भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण. 8 मीटरच्या पोलला साधारण दीड मीटर खड्डा लागतो आणि तेवढ्यात कधी कधी तिन्ही थर भेटतात. ऑगर, म्हणजे ट्रकवरचा खड्डा घेणारा मळसूत्री बरमा, खाली सरकेनासा झाला की ऑपरेटर दाब वाढवतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्रकला टेकू देणारे जॅक जमिनीवरून उचलले जातात, ऑगर फिरवणारा दांडा म्हणजे केली बार वाकतो, दात मोडतात.

त्याऐवजी ऑगर वर घ्या आणि पात्यांवर काय आलंय ते बघा. तांबूस खडे म्हणजे मुरूम. दात धारदार असतील तर तो हळूहळू निघतो. पिठासारखी करडी भुकटी आणि कर्कश आवाज आला तर पाषाण लागला. तिथे मातीचा ऑगर तासभर फिरवला तरी नुसतं हायड्रॉलिक ऑइल तापतं. कार्बाइड दातांचा रॉक ऑगर लावा, नाहीतर दगड फोडणारा ब्रेकर मागवा.

हे गोल दात होल्डरमध्ये हाताने फिरायला हवेत. चिखल वाळून ते जाम झाले की एकाच बाजूने झिजतात आणि मग होल्डरही खातात. रोज संध्याकाळी इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून ते साफ करा.

काळ्या मातीत एका दमात खोल जाऊ नका. 30-40 सेंटीमीटर गेलं की वर घेऊन माती झाडा. अडकलाच तर उलटा फिरवत काढा. बूमने, म्हणजे ऑगर धरणाऱ्या ट्रकच्या लांब हाताने, ओढू नका.

पावसाळ्यात इगतपुरीकडच्या भातशेतीत जॅकखाली रुंद, जाड लाकडी फळ्या हव्यातच. पहिल्या खड्ड्यानंतर लेव्हल पुन्हा तपासा, कारण जॅक काम चालू असताना रुततो. वर 11 केव्हीची लाइन असेल तर ती बंद करून अर्थिंग झाल्याशिवाय बूम उभा करू नका. चालू लाइन जवळ असेल तर किमान 3 मीटर अंतर राखा.

हायड्रॉलिक ऑइलची पातळी सगळे सिलिंडर आत घेऊन, गाडी सपाटीवर ठेवूनच बघा. फेस आला तर सक्शनकडून हवा शिरतेय. दुधाळ दिसलं तर पाणी. गाडी रस्त्यावर काढण्याआधी पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद हायड्रॉलिक पंपाला देणारा जोड, सुटलाय ना, ते पाहा.

होजची (ऑइलच्या रबरी नळीची) गळती हाताने कधीच चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक भोकातून उडणारं ऑइल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, दुखत नसली, तरी त्याच क्षणी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘प्रेशरचं ऑइल आत गेलंय.’