घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची असेल तर

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरोघरी उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, प्रार्थना चालूच असतात. कोणाला नोकरी लागते, कोणाच्या आईचं ऑपरेशन नीट पार पडतं, कोणाला वडगाव शेरीत नाहीतर लोहगावात फ्लॅटची किल्ली मिळते. मी महिला मंडळात, त्यात निवृत्त नर्स, म्हणजे हिला सगळं लावून द्यायची सवय असणार असं लोक धरून चालतात. नवी जोडपी फोन करतात, "आँटी, पाळकसाहेबांना सांगितलंय, आता काय काय करायचं?" पुढचा प्रश्न हमखास पुलाव किती किलोचा. नेमके कशाचे आभार मानायचे, हे कोणीच विचारत नाही. मी तिथून सुरुवात करायला लावते.

तारीख ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ते कागदावर लिहा. "देवाने आम्हाला भरपूर आशीर्वाद दिले" हे वाक्य लिहू नका. ते कोणाच्याही घरात चालतं, म्हणजे तुमच्या घराचं नाही. बायबलमधलं स्तोत्र 136 उघडून बघा. सव्वीस वचनं आहेत, प्रत्येकात देवाची दया सनातन आहे असं ध्रुपद, पण त्याच्या आधी बहुतेक वेळा एक ठोस काम सांगितलंय. दिवसासाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, तांबडा समुद्र. सीहोन आणि ओग या राजांची नावंसुद्धा घेतली आहेत. मग तुम्हाला थकलेला हप्ता, कोणत्या महिन्यात पगार थांबला, कोणत्या रात्री ताप उतरला, हे लिहायला काय हरकत आहे?

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला माणसं लिहा. रात्री अडीचला गाडी काढणारा शेजारी, रोज डबा पोहोचवणारी नणंद, वॉर्डात चादर बदलणाऱ्या मावशी. देवाचे आभार मानायचे आणि ज्यांच्या हातून मदत आली त्यांना साधा फोनही करायचा नाही, हे मला पटत नाही. प्रार्थनेच्या आधीच त्यांना भेटून या. कोणाकडून उसने घेतले असतील तर निदान काही रक्कम परत करा, किंवा कधी देणार ते सांगा. पैसे येणं असलेला माणूस सतरंजीवर बसलाय आणि तुम्ही पुढे उभे राहून साक्ष देताय, म्हणजे देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सांगताय, असं होऊ देऊ नका.

आता तारीख. ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा आठवडा आणि नाताळच्या कॅरोल फेऱ्यांचा डिसेंबर टाळा, पाळकसाहेबांना श्वास घ्यायला वेळ नसतो. वेळ संध्याकाळी साडेसातची बरी. त्याआधी नगर रोडवरून कोणी वेळेवर येणार नाही. पण साडेसात म्हणजे साडेसात. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलात तर वेळेवर आलेल्या म्हाताऱ्या माणसांची शिक्षा होते.

क्रम साधा ठेवा: गीत, प्रार्थना, स्तोत्राचं आळीपाळीने वाचन, साक्ष, दुसरं गीत, संदेश, दान, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. सगळं मिळून एक तास. गाणी आजीला आणि नातवाला दोघांना येतील अशी निवडा. कवी ना. वा. टिळकांची भजनं असतील तर उत्तम, त्यांचा 1895 मध्ये बाप्तिस्मा झाला, ते ख्रिस्ती झाले, पण अभंगाची चाल त्यांनी सोडली नाही, म्हणून ती पेटी आणि टाळावर अशी बसतात. पेटीवाला मिळाला नाही तर टाळ्या पुरतात. स्पीकर लावून सोसायटीची झोप उडवू नका.

साक्षीवर मात्र मेहनत घ्या, सगळं बिघडतं ते इथेच. अर्धं पान लिहून काढा आणि वाचूनच दाखवा. परिस्थिती काय होती, काय मागितलं, काय झालं आणि काय अजून व्हायचंय, एवढंच. शेवटचा मुद्दा लोक गाळतात, कारण साक्ष म्हणजे सगळं गोड झालेलं दिसायला हवं असा समज आहे. आजार आईचा असेल तर आईला विचारल्याशिवाय तिच्या पोटातलं सगळं चारचौघांत मांडू नका. "डॉक्टरांनी हात टेकले होते" हे त्यांनी खरोखर टेकले असतील तरच म्हणा. मी उभी हयात वॉर्डात काढली. औषधातूनही देवच बरं करतो असं मी मानते, म्हणून साक्ष दिल्यावर बीपीची गोळी बंद करणाऱ्यांवर मी रागावते. गोळी चालू ठेवा.

आणखी एक. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून आभारच मानत असतो, मी इतरांसारखा नाही म्हणून. तेव्हा "बाकीच्यांचं बघा काय झालं, आम्हाला मात्र देवाने राखलं" अशी वाक्यं खोडून टाका. ज्याला राखलं गेलं नाही असं वाटतंय, असा कोणीतरी त्या खोलीत बसलेला असतो.

आता ज्यांचं काम झालेलंच नाही त्यांचं काय? मुलगा परीक्षेत राहिला, रिपोर्ट वाईट आला, माणूस गेला. अशा घरांतूनही फोन येतात, आवाज खाली असतो: "आम्ही प्रार्थना ठेवली तर चालेल का?" जरूर ठेवा. पण आनंदाचं सोंग करायची गरज नाही. स्तोत्र 13 वाचायला घ्या. फक्त सहा वचनं, आणि पहिल्या दोनांत "किती काळ" हा प्रश्न चार वेळा. दाविदाने तो आधी विचारून घेतला, मग शेवटी गायला. बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्यायही अशा घरात मी वाचायला सांगते: अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. या घरी साक्षीचा आग्रह धरू नका. "देवाने चांगल्यासाठीच केलं असेल" हे पाहुण्यांनी तर मुळीच बोलू नये. गेलेल्या माणसाबद्दल आभार मानता येतात, त्याच्या जाण्याबद्दल मानायची सक्ती नाही.

कोणाला फारच जड जात असेल तर मी केडगावला एकदा जाऊन या म्हणते; पुण्याहून दौंडच्या गाडीने जाता येतं. निराधार बायका-मुलांसाठी पंडिता रमाबाईंनी काढलेलं मुक्ती मिशन तिथे आहे. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचं हाती घेतलेलं काम रमाबाईंनी सोडलं नाही, आणि एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगणार नाही. काम मात्र समोर आहे.

दान पाकिटात द्या, आकडा जाहीर करू नका. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची, म्हणजे पहिल्या पिकाची, टोपली देवापुढे ठेवल्यावर लेवी, म्हणजे देवाच्या सेवेतली माणसं, आणि परदेशी यांच्यासह आनंद करायला सांगितलंय. म्हणून पाकिटाइतकीच रक्कम एखाद्याच्या शाळेच्या फीसाठी बाजूला काढा, आणि जेवायला वॉचमनला वर बोलवा.

समोरच्या काकूंना आदल्या दिवशीच सांगा की गाणी होतील. त्या आल्या तर खुर्ची द्या. डोळे नाही मिटले तरी चालतं हेही सांगा. त्यांच्याकडे बघून संदेश लांबवू नका असं पाळकसाहेबांना हळूच सुचवायला हवं, ते काम माझ्यावर सोपवा.

खाण्याचं शेवटी सांगते, कारण ते सोपं आहे: चहा, उपीट आणि केक. जेवण ठेवायचंच असेल तर चिकन पुलाव, तीस माणसांना तीन किलो तांदूळ पुरतो. कर्ज काढून उपकारस्तुती करू नका.

निघताना दारात चप्पल शोधता शोधता लोक आपली अडचण सांगतात. ती त्याच कागदावर खाली लिहून घ्या आणि आठवड्याभरात विचारपूस करा. मंडळीच्या सतरंज्या झटकून शनिवारच्या आत परत पाठवा, पुढच्या घरी लागतात.