महाबळेश्वरच्या रानातली अंजनी कशी ओळखाल

महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडं एकमेकांना खेटून उभी असतात. तिन्ही सदाहरित, त्यामुळे लांबून सगळं सारखंच गर्द दिसतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये अंजनी फुलली की शंका उरत नाही, मात्र फूल कुठे शोधायचं ते ठाऊक हवं.

फांदीच्या टोकाला ते नसतं. पानांच्या बगलेत आणि त्याही खाली, पानं गळून गेलेल्या जुन्या फांदीच्या पेरांवर फुलांचे दाट घोस येतात. नुसते शेंडे बघणारा फुललेल्या झाडाखालून तसाच पुढे जातो. पायाखाली निळसर सडा दिसला, की मान वर करून फांदीचा जाड भाग तपासा.

एक फूल जेमतेम पाऊण सेंटिमीटरचं, म्हणून 10 पट दाखवणारं भिंग जवळ ठेवा. पाकळ्या 4, पुंकेसर 8, दोन्ही निळे-जांभळे आणि खाली छोटा गुलाबीसर पेला. पाकळ्या लवकर झडतात. उरलेल्या पेल्यांना लोक कळ्या समजतात आणि बहर अजून यायचाय म्हणून थांबतात. कळीचं तोंड मिटलेलं असतं, पेल्याचं उघडं.

फूल नसेल तर पानावर या. समोरासमोर, जाड, वरून चकाकणारं; मधली शीर ठळक आणि बाजूच्या शिरा जवळजवळ अदृश्य. खरी फसगत जांभळाशी होते, कारण त्याचीही पानं समोरासमोरच. पण जांभळाच्या पानात बाजूच्या शिरा बारीक, दाट, समांतर असतात आणि कडेलगतच्या एका शिरेला जाऊन मिळतात. पान चुरगळलं की वासही येतो. जांभळाचं फूल पांढुरकं, नुसता केसरांचा झुपका. पिसा सोपा: पानं टोकाशी झुबक्याने, खालून पांढुरकी.

फोटोतल्या रंगावर विसंबू नका, मोबाईल निळ्याचं जांभळं करून टाकतो. फूल समोरून, पान दोन्ही बाजूंनी आणि घोस फांदीला कुठे लागलाय तो, एवढे फोटो घ्या. यातला शेवटचाच बहुतेक जण विसरतात. फांदी मोडायची गरज नाही, खालची पानं हाताला येतात.

खानदेशातला माणूस ‘अंजन’ म्हणाला, तर मात्र पान बघितल्याशिवाय मान डोलावू नका. तिकडचा अंजन कोरड्या रानातला वेगळाच वृक्ष, त्याचं एक पान म्हणजे जोडीने लागलेली दोन छोटी पानं असतात.