रबरबोटीची एकच नळी रात्रीतून मऊ पडत असल्यास

मालवणला स्कूबासाठी वापरात असलेल्या आमच्या रबरबोटीची डावी नळी (बोटीच्या कडेचा हवेने भरायचा लांब फुगा) संध्याकाळी टणक भरली तरी सकाळी मऊ पडलेली असे. रात्रीच्या गारव्याने दाब थोडा उतरतोच, पण तो दोन्ही नळ्यांत सारखाच उतरायला हवा. नळीच्या कापडावर साबणाचे पाणी फिरवले, जुनी ठिगळे बदलली. नुसता मनस्ताप झाला. अखेर व्हॉल्व्हभोवतीच फेस लावला, तेव्हा व्हॉल्व्ह आणि कापड यांच्या सांध्यातून बारीक बुडबुडे आले. मग सर्व हवा सोडली, व्हॉल्व्हची नळीच्या आत असलेली चकती कापडावरूनच एका हाताने घट्ट धरली, व्हॉल्व्हच्या पान्याने त्याचा बाहेरून दिसणारा पुढचा भाग घड्याळाच्या दिशेने आवळला, व्हॉल्व्हमधल्या हवा अडवणाऱ्या पडद्याखालची वाळू गोड्या पाण्याने धुतली आणि बोटीवर छापलेल्या दाबापर्यंत (आमच्याकडे ०.२५ बार) हवा भरून पुन्हा फेस लावून पाहिला. चकती धरली नाही तर तीही सोबत फिरते आणि आवळल्याचा केवळ भास होतो.